फार्मसीच्या पदवीत रुग्ण कोणत्या सत्रात भेटतो?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगली–मिरज रस्त्यावर माझे औषधांचे दुकान आहे आणि तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून मी स्वतः बसतो. गेल्या महिन्यात एका दुपारी बी. फार्म.चे तिसरे वर्ष संपवलेला एक विद्यार्थी दुकानात आला. त्याच्या हातात प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे टंकलेले प्रमाणपत्र होते. त्यात त्याचे नाव, चार आठवड्यांच्या तारखा आणि ‘समाधानकारक’ हा शेरा आधीच भरलेला होता. माझ्याकडून फक्त सही आणि शिक्का हवा होता. मी विचारले तेव्हा त्याने काहीही न लपवता सांगितले की वर्गातले बरेच जण असेच करतात, कॉलेजात कोणी खोलात विचारत नाही आणि या महिन्यात त्याला स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचा आहे. मी सही केली नाही. दोन तास थांबलास तर चहा पाजतो, असे म्हटल्यावर मात्र तो थांबला.

त्या दोन तासांत तासगावकडचे एक वयस्कर गृहस्थ इन्सुलिन घ्यायला आले. कुपी नेहमीची, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिटची. पण त्यांनी पिशवीतून काढून दाखवलेली सिरिंज केशरी टोपणाची, म्हणजे १०० युनिटच्या मापाची होती आणि ती त्यांना कोणीतरी ‘हीच चालते’ म्हणून दिली होती. डॉक्टरांनी २० युनिट सांगितले होते. त्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत या कुपीतले औषध ओढले तर शरीरात जातात फक्त ८ युनिट; उलट १०० युनिटच्या औषधाला लाल टोपणाची, ४० युनिटच्या मापाची सिरिंज लावली तर २० च्या जागी ५० युनिट जातील आणि रुग्ण बेशुद्ध पडू शकेल. साखर का उतरत नाही म्हणून हे गृहस्थ दोन महिने भात सोडून बसले होते. शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला जीवाणूंच्या पेशीत जनुक घालून मानवी इन्सुलिन कसे तयार करतात हे पक्के ठाऊक होते, आणि त्याने ते मला नीट समजावूनही सांगितले. टोपणाच्या रंगाचा अर्थ मात्र त्याला माहीत नव्हता. त्यात मी त्याचा दोष मानत नाही, कारण तीन वर्षांत त्याच्या हातात इन्सुलिनची सिरिंज कोणी दिलीच नव्हती.

असा अभ्यासक्रम का झाला, हे समजून घेतल्याशिवाय त्याला नावे ठेवणे बरोबर नाही. देशात बाहेरून येणाऱ्या औषधांचा दर्जा किती घसरलेला आहे, हे कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०-३१ मध्ये दाखवून दिले, आणि त्याच सुमारास, १९३२ साली, प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचे विद्यापीठीय शिक्षण सुरू केले. त्या काळाची गरज औषध बनवणारा आणि तपासणारा माणूस ही होती. म्हणून पदवीचा कणा रसायनशास्त्र, विश्लेषण आणि निर्मिती यांचा झाला. पुढे १९४८ चा फार्मसी कायदा आला आणि दुकानात चिठ्ठीवर औषध देण्यासाठी किमान पात्रता पदविका ठरली. पदवीवाल्याने कारखान्यात जावे आणि पदविकावाल्याने दुकानात, अशी विभागणी आपोआप होऊन बसली आणि बरीच वर्षे ती चाललीही. माझ्या बरोबरीचे पदवीधर बहुतेक मुंबई, अंकलेश्वर, हैदराबाद येथे गेले; मी सांगलीत राहिलो, याबद्दल घरात आणि कॉलेजात मला थोडे ऐकूनही घ्यावे लागले.

आज चित्र तसे नाही. नव्या कॉलेजांवर भारतीय फार्मसी परिषदेने घातलेली पाच वर्षांची बंदी सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही आणि त्यानंतर आपल्या राज्यात कॉलेजांची संख्या झपाट्याने वाढली. इतक्या पदवीधरांना सामावून घेतील एवढे कारखाने आपल्या पट्ट्यात नाहीत. यांपैकी कित्येक मुले दुकानात, रुग्णालयातल्या औषध विभागात किंवा ऑनलाइन औषधविक्रीच्या गोदामात उभी राहतात, आणि ज्या कामासाठी त्यांना शिकवलेलेच नाही ते काम करू लागतात.

शिवाय ते कामही पूर्वीचे राहिलेले नाही. मी दुकान सुरू केले तेव्हा गिऱ्हाईक तापाची, जुलाबाची, जखमेची औषधे न्यायचे आणि आठ दिवसांत विषय संपायचा. आता माझ्या दिवसभराच्या चिठ्ठ्यांत मोठा वाटा रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा आणि हृदयविकार यांचा असतो. म्हणजे तोच माणूस तीच औषधे वर्षानुवर्षे घेणार, मध्येच डॉक्टर बदलणार, गावाकडच्या डॉक्टरांची एक चिठ्ठी आणि मिरजेच्या तज्ज्ञांची दुसरी चिठ्ठी एकाच पिशवीत ठेवणार. दोन वेगळ्या ब्रँडनावांखाली टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे एकच औषध दोन्ही वेळा घेणारे आणि चक्कर येते म्हणून तिसऱ्या डॉक्टरांकडे जाणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात. मेथोट्रेक्सेट हे सांधेदुखीचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेले तर जिवावर बेतते, आणि पट्टीवर हे ठळकपणे वाचता येईल असे रुग्णाच्या भाषेत कुठेही लिहिलेले नसते. जतकडच्या एका बाईंनी ओढून घ्यायच्या दम्याच्या कॅप्सूल तीन आठवडे पाण्याबरोबर गिळल्या होत्या. यंत्र घरी होते, पेटीतून बाहेर काढलेलेच नव्हते. आठवड्यातून एकदा टोचायच्या इंजेक्शनांची त्यात भर पडली आहे. मधुमेह आणि लठ्ठपणा यांवरचे टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले आणि काही महिन्यांतच त्याबद्दल विचारणा करणारे लोक आमच्याकडेही येऊ लागले, त्यांतले काही तर चिठ्ठीशिवाय.

कायद्यानेही आमच्यावरची जबाबदारी वाढवली आहे, आणि ती योग्यच आहे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वनमधल्या (म्हणजे काही प्रतिजैविके, क्षयरोगाची आणि सवय लावणारी औषधे असलेल्या यादीतल्या) औषधांची वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार क्षयरोगाची औषधे देणाऱ्या फार्मासिस्टनेही त्या रुग्णाची माहिती शासनाला कळवायची असते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्यात फार्मासिस्टला थेट माहिती पाठवता येते. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ यांनी तर स्पष्टच सांगितले आहे की रुग्णाशी बोलण्याची सुरुवात फार्मासिस्टने स्वतः करायची: औषध कशासाठी आहे, किती आणि किती दिवस घ्यायचे, कोणते दुष्परिणाम दिसले तर थांबायचे, घरी कसे ठेवायचे, एखादा डोस चुकला तर काय करायचे. हे नियम अमलात येऊन दहा वर्षे झाली. मुद्दा एवढाच आहे की या नियमांनुसार बोलू शकेल असा पदवीधर तयार करण्याची तरतूद अभ्यासक्रमात कुठे आहे?

शैक्षणिक वर्ष २०१७-१८ पासून देशभर एकसारखा लागू झालेला बी. फार्म.चा अभ्यासक्रम मी पुन्हा एकदा बारकाईने वाचला. दोनशेहून अधिक श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) त्या रचनेत ‘फार्मसी प्रॅक्टिस’ हा विषय सातव्या सत्रात येतो, त्याला ४ श्रेयांक आहेत आणि तो पूर्णपणे लेखी आहे. त्याचे प्रात्यक्षिक नाही. त्याच सत्रात प्रात्यक्षिक आहे ते उपकरणीय विश्लेषणाचे. ‘सोशल अँड प्रिव्हेंटिव्ह फार्मसी’ आठव्या सत्रात येते, तीही लेखीच. म्हणजे चार वर्षांच्या पदवीत विद्यार्थ्याला रुग्ण पहिल्यांदा भेटतो तो शेवटच्या वर्षी, आणि तोही प्रश्नपत्रिकेत. याउलट, २०२० च्या नव्या शिक्षण-नियमांनुसार पदविकेच्या अभ्यासक्रमात कम्युनिटी फार्मसी, हॉस्पिटल व क्लिनिकल फार्मसी, फार्माकोथेरप्युटिक्स (आजारानुसार औषधोपचार) हे विषय आहेत, त्यांची प्रात्यक्षिके आहेत, आणि ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण तर तिथे सक्तीचेच आहे. दोन वर्षांच्या पदविकेत जे करून पाहायचे असते, ते चार वर्षांच्या पदवीत वाचून लिहायचे असते. आणि दोघांनाही नोंदणी मिळते ती एकाच रजिस्टरात. हा विरोधाभास परिषदेतील जाणकारांच्या नजरेतून सुटला असेल असे मला वाटत नाही, पण तो दूर करायची घाईही कोणाला दिसत नाही. (२००८ पासून सुरू असलेला सहा वर्षांचा फार्म. डी. हा अभ्यासक्रम रुग्णालयाच्या वॉर्डांत घडतो आणि म्हणून तो या टीकेतून वगळला पाहिजे. त्या पदवीधरांसाठी सरकारी रुग्णालयांत पुरेशी पदे का निर्माण होत नाहीत, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

आता त्या सही-शिक्क्याकडे येतो. सहाव्या सत्रानंतर कारखाना, रुग्णालय किंवा औषधांचे दुकान यांपैकी एका ठिकाणी चार आठवड्यांत मिळून किमान १५० तास काम करावे असे पदवीच्या नियमांत म्हटले आहे. पण त्याच्या मथळ्यातच ते ‘इष्ट’ आहे, म्हणजे केले तर चांगले, असे नमूद केले आहे. जे केले नाही तरी चालते, त्याचे प्रमाणपत्र टंकून आणण्याची पद्धत पडणारच. सक्तीचे १५० तास आहेत ते सातव्या सत्रातल्या ‘प्रॅक्टिस स्कूल’ या उपक्रमाचे. ते सत्रभर विभागून पूर्ण करायचे असतात, त्यांना गुण आहेत, आणि कोणत्या क्षेत्रात ते करायचे याचे पर्याय कॉलेजच्या कार्यक्रम समितीने जाहीर करायचे असतात. माझ्या पाहण्यातल्या कॉलेजांत हे तास प्रयोगशाळेत एखादे फॉर्म्युलेशन करून आणि चाळीस पानांचा अहवाल बांधून संपतात. पण त्या समितीने ‘औषध दुकानातील व रुग्णालयातील फार्मसी सेवा’ हे क्षेत्र जाहीर केले तर कोणत्या नियमाचा भंग होतो? दिल्लीत काही बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाजी विद्यापीठाचे असो की लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे असो, अभ्यास मंडळाने एक मार्गदर्शक परिपत्रक काढले तरी पुढच्या सातव्या सत्रापासून हे सुरू होऊ शकते. सांगली, सातारा, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांत मिळून त्या १५० तासांसाठी पुरतील इतकी चांगली दुकाने आणि रुग्णालये निश्चित आहेत. मिरजेत तर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केल्यापासून कोकण, कोल्हापूर आणि उत्तर कर्नाटकातून रुग्ण येत आले आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथेच आहे. एवढी मोठी शाळा दाराशी असताना फार्मसीचे विद्यार्थी मिरजेला एसटी बदलण्यापुरते उतरतात.

रुग्णाशी बोलायचे तर कोणत्या भाषेत, हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. अभ्यासक्रमात ‘कम्युनिकेशन स्किल्स’ हा विषय पहिल्याच सत्रात आहे. त्याच्या प्रात्यक्षिकांत इंग्रजी भाषा प्रयोगशाळेच्या संगणकप्रणालीवर स्वर-व्यंजनांचे उच्चार, मुलाखत, ई-मेल, सादरीकरण अशी प्रकरणे आहेत. कारखान्यात नोकरी मिळवायला ती उपयोगी पडतात, यात शंका नाही. पण ‘एम्प्टी स्टमक’चे मराठी ‘रिकामे पोट’ असे भाषांतर करून भागत नाही. पहाटे चार वाजता उठून चहा-बटर खाणाऱ्या आणि साडेदहाला जेवणाऱ्या शेतमजुराचे पोट नेमके केव्हा रिकामे असते, हे त्याला विचारावे लागते. थायरॉइडची गोळी चहाच्या आधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, एवढे वाक्य साध्या मराठीत, न घाबरवता, समोरच्याच्या वयाला शोभेल अशा रीतीने बोलता येणे हे कौशल्य आहे आणि ते शिकवल्याशिवाय येत नाही. मी हे माझ्या दुकानातल्या पदवीधर सहायकांकडे रोज पाहतो. आजीला ‘तुम्हाला हायपरटेन्शन आहे ना?’ असे विचारले की आजी ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते. कवठेमहांकाळ, जत, मिरज पूर्व भागात कन्नड बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत. साखर कारखान्यांच्या हंगामात बीड-धाराशिवकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची बोली आणखी वेगळी. या मुलांना सगळ्या भाषा याव्यात अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण कागदावर सूर्य आणि चंद्र काढून सकाळ-संध्याकाळ दाखवणे, सांगितलेले रुग्णाच्याच तोंडून परत म्हणवून घेणे, वाचता न येणाऱ्याच्या पट्टीला खूण करून देणे, या गोष्टी पहिल्या सत्रातल्या त्याच विषयाच्या प्रात्यक्षिकात का बसू नयेत? इंग्रजीचे निम्मे तास ठेवावेत आणि निम्मे मराठीला द्यावेत. परीक्षेतही विद्यार्थ्यासमोर एखाद्या शिक्षकाला रुग्ण म्हणून बसवून दहा मिनिटांचे मराठी संभाषण ऐकावे आणि त्याला गुण द्यावेत. बहिस्थ परीक्षक म्हणून एखादा अनुभवी दुकानदार फार्मासिस्ट बोलावला तर तो प्रवासखर्चावरसुद्धा आनंदाने येईल, हे मी स्वतःच्या अनुभवावरून नव्हे, पण स्वतःच्या इच्छेवरून सांगू शकतो.

पदविकेनंतर नोंदणीसाठी द्यावी लागणारी निर्गम (एक्झिट) परीक्षा ही बहुपर्यायी प्रश्नांच्या तीन पेपरांची आहे. पाठांतर आणि आकलन यांची चाचणी त्याने होते. बोलण्याची होत नाही. पदवीला तीच पद्धत लागू करून प्रश्न सुटला असे कोणी मानू नये, म्हणून हे आधीच नोंदवून ठेवतो.

एक विषय आपल्या जिल्ह्यापुरता खास आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली शहरात पाणी शिरले तेव्हा आम्ही काही फार्मासिस्ट निवारा केंद्रांत औषधे घेऊन गेलो होतो. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेले, चिठ्ठ्या आणि फाइली पाण्यात गेलेल्या. ‘पांढरी बारीक गोळी, सकाळी एक’ एवढ्या वर्णनावरून कोणते औषध ते ओळखायचे, शंका राहिली तर अंदाजाने न देता डॉक्टरांना फोन लावायचा, वीज नसताना इन्सुलिनची कुपी मातीच्या मडक्यात ओल्या वाळूवर कशी ठेवायची ते सांगायचे. पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वाटले जात असताना गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुले त्यातून वगळली जातात की नाही याकडे लक्ष ठेवायचे, असे ते काम होते. राज्यभरातून आलेल्या मदतीच्या पोत्यांत मुदत संपलेली औषधे, डॉक्टरांची सॅम्पले आणि अर्ध्या कापलेल्या पट्ट्या एकत्र होत्या. त्या निवडायलाच दोन दिवस गेले. फार्मसीची मुले मदतीला आली होती आणि त्यांनी खोकी मन लावून वाहिली. निवडायचे काम त्यांच्यावर सोपवण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि त्याचे वाईट मला अजून वाटते. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. कृष्णाकाठच्या कॉलेजांत आपत्तीच्या काळातील औषध व्यवस्थापन हे एक प्रकरण तरी शिकवले जावे, यासाठी आणखी किती पुरांची वाट पाहायची? साताऱ्याच्या बाजूच्या कॉलेजांना तर दरवर्षी हमखास संधी आहे: ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, पुढे तरडगाव, फलटण, बरडला मुक्काम करते, आणि त्या दिवसांत पायांच्या फोडांपासून विसरलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांपर्यंत सारे काही तिथल्या वैद्यकीय तंबूंत येते.

नवे घालायचे तर जुने काय काढायचे, हा प्रश्न प्राध्यापक मंडळी लगेच विचारतील आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. विश्लेषण आणि गुणवत्ता-नियंत्रण यांना हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चिरफाड केली, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातल्या त्याच डायएथिलीन ग्लायकॉलने लहान मुले दगावली. औषध तपासणाऱ्या माणसाची गरज कमी झालेली नाही. पण सेंद्रिय रसायनशास्त्राची तीन सत्रे आणि औषधी रसायनशास्त्राची तीन सत्रे मिळून जी पाठांतराची रास तयार होते, तिच्यात कात्री लावायला पुष्कळ जागा आहे. अभ्यासक्रमात तारांकित केलेल्या औषधांच्या संश्लेषणाच्या पायऱ्या पाठ करून लिहिणे हे संशोधनात जाणाऱ्यालाही त्या स्वरूपात लागत नाही, आणि काउंटरवर तर मुळीच नाही. टॅब्लेट तयार करण्याची तीच माहिती वेगवेगळ्या सत्रांत थोड्या फरकाने पुन्हा येते. एवढे जरी आवरले तरी फार्मसी प्रॅक्टिसच्या प्रात्यक्षिकाला आठवड्यातून चार तास सहज निघतील.

शिक्षकांचीही अडचण मला दिसते. फार्मास्युटिक्समध्ये एम. फार्म. करून थेट वर्गात आलेल्या तरुण प्राध्यापकाने कधी दुकानात काम केलेले नसते, आणि त्याला रुग्णसमुपदेशन शिकवायला सांगणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. आठवड्यातून एक दुपार त्याने रुग्णालयाच्या औषध विभागात घालवावी आणि ती त्याच्या कामाच्या तासांत धरली जावी, एवढी मुभा कॉलेजने दिली तर दोन वर्षांत फरक पडेल.

आणि आम्ही दुकानदार? खरे सांगायचे तर आमचे घर काचेचेच आहे. प्रमाणपत्र भिंतीवर एकाचे आणि काउंटरवर माणूस दुसराच, ही प्रथा सर्वांना माहीत आहे. ज्या दुकानात फार्मासिस्ट महिन्याला भाडे घेण्यापुरता येतो, त्या दुकानात विद्यार्थी १५० तास काय शिकणार? जिथे फार्मासिस्ट असतो, तिथेही प्रशिक्षणार्थ्याला स्टॉकिस्टकडचा माल उतरवायला, एक्स्पायरी बाजूला काढायला आणि रॅक पाठ करायला लावले जाते, कारण गर्दीच्या वेळी शिकवायला कोणाला सवड नसते. मीही हे केले आहे. म्हणून कॉलेजांनी दुकाने निवडताना फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असतो का, एच-वनचे रजिस्टर रोजच्या रोज लिहिले जाते का, रुग्णाशी दोन मिनिटे बोलायला कोपरा आहे का, हे पाहूनच यादी करावी. पट्टीवर वीस टक्के सवलत देणाऱ्या मोठ्या साखळ्या आणि ऑनलाइन विक्री यांच्यापुढे आमच्यासारख्यांकडे देण्यासारखे आता बोलणेच उरले आहे, तेव्हा यात आमचाही स्वार्थ आहे आणि तो मी नाकारत नाही. त्या बोलण्याचे शुल्क आपल्याकडे कोणी देत नाही, हेही खरे.

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून सात साध्या आजारांवर फार्मासिस्ट ठरावीक चौकटीत स्वतः उपचार देऊ शकतो आणि २०२६ पासून तिथे नव्याने नोंदणी होणाऱ्या फार्मासिस्टना नोंदणीबरोबरच औषध लिहून देण्याचा अधिकारही मिळणार आहे. त्यासाठी त्यांनी अभ्यासक्रम आधी बदलला, अधिकार नंतर दिला. आपल्याकडे तो अधिकार मागण्याची माझी इच्छा नाही. डॉक्टरांनी लिहिलेले औषध माणसाने बरोबर घेतले की नाही, एवढी जबाबदारी आम्हाला पेलता आली तरी माझे समाधान होईल.

माझ्या बाजूने एक गोष्ट लिहून देतो. येत्या सातव्या सत्रापासून दोन विद्यार्थ्यांना मी माझ्या दुकानात १५० तास शिकवायला तयार आहे, दुपारी दोन ते पाच, गर्दी नसते तेव्हा. मोबदला नको. अटी तीन आहेत: त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी पंधरा दिवसांतून एक दुपार तिथे येऊन बसावे, रुग्णाचे नाव आणि आजार दुकानाबाहेर जाणार नाही असे विद्यार्थ्याने लेखी द्यावे, आणि शेवटी अहवालाऐवजी विद्यार्थ्याने स्वतः बोललेल्या पन्नास रुग्णांच्या नोंदी, नावे न घालता, मराठीत लिहून दाखवाव्यात. शहरातले आणखी काही फार्मासिस्ट याच अटींवर तयार आहेत, त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. कोणत्याही कॉलेजच्या कार्यक्रम समितीने आपल्या दैनिकामार्फत कळवले तर मी स्वतः जाऊन भेटेन.

आपला विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
विश्रामबाग, सांगली